मार्था, मरिया आणि टोबी

आजाऱ्याच्या उशाशी बसलेल्या धर्मगुरूने वचन देताना जपून द्यावे, असे सेमिनरीतील आमच्या एका वृद्ध अध्यापकांनी आम्हांला बजावले होते. मरणाच्या दारी टेकलेल्या माणसाला ‘नाही’ म्हणवत नाही आणि दिलेला ‘होय’ पुढे निभावताना नाकी नऊ येतात, असा त्यांचा स्वतःचा अनुभव असावा. जुलै २०२५ मध्ये न्हावा शेवा बंदरालगतच्या एका वसाहतीत मी एका निवृत्त क्रेनचालकाला रुग्णाभ्यंगाचा संस्कार देण्यासाठी गेलो, तेव्हा हा उपदेश मला आठवायला हवा होता. घरात दुसरे कोणी नव्हते. पत्नी आधीच देवाघरी गेलेली, मुले दूरदेशी. खाटेखाली मात्र एक लहानसा पांढरा कुत्रा, आपल्याकडे ज्याला सरसकट पॉमेरेनियन म्हणतात तसला, पुढच्या पंजांवर हनुवटी टेकवून पडला होता. संस्कार आटोपला, मी तेलाची डबी बंद केली, तेव्हा ते गृहस्थ म्हणाले, “फादर, माझं आता काही नाही. ह्याचं कोण बघणार?”

“मी बघतो,” मी म्हणालो.

धर्मगुरू-निवासात दोन मांजरी राहतात, ह्याचा मला त्या क्षणी विसर पडला होता असे नाही. त्यांचा ह्या गोष्टीशी काही संबंध आहे, असे मला वाटलेच नाही.

मार्था आणि मरिया ही नावे माझ्या आधीच्या धर्मगुरूंनी ठेवलेली. मार्था थोरली, करड्या पट्ट्यांची, सदैव स्वयंपाकघरात आणि सदैव कसल्यातरी काळजीत. मरिया तिची लेक; काम ना धाम, येईल त्याच्या पायाशी बसून त्याच्या तोंडाकडे बघत राहणारी. बदलीवर जाताना त्यांनी किल्ल्या, बाप्तिस्म्यांची रजिस्टरे आणि ह्या दोघी माझ्या स्वाधीन केल्या. खरे पाहता घर त्यांचेच. आम्ही धर्मगुरू काही वर्षांनी बदलत राहतो, मांजरींना बदलीचा हुकूम येत नाही.

अंत्यविधी गुरुवारी झाला. पाऊस मी मी म्हणत होता. कुत्र्याला रिक्षातून मांडीवर घेऊन मी घरी आलो आणि पाहुणा आला आहे हे घरच्यांना सांगावे तशा उत्साहाने त्याला थेट स्वयंपाकघरात नेऊन खाली सोडले. तो बिचारा आनंदला. पुढचे पाय जमिनीला टेकवून, मागची बाजू उंच करून त्याने शेपूट हलवली. कुत्र्यांच्या भाषेत ते ‘चला, खेळू या’ असे निमंत्रण असते. मांजराच्या भाषेत मात्र तो झेप घेण्याचा पवित्रा ठरतो. मार्थाच्या अंगावरचा केस न् केस उभा राहिला. एक फिस्कारा, एक पंजा, आणि टोबीच्या नाकावर रक्ताची रेघ. दुधाचे पातेले उलथले. मरिया पळाली, म्हणून तो तिच्यामागे धावला. ती कपाटावर चढून बसली. मार्था खिडकीतून बाहेर उडी टाकून पावसात गेली, ती गेलीच.

माझ्या छातीत धस्स झाले. आमच्या फाटकापासून थोड्याच अंतरावर रात्रंदिवस कंटेनरचे ट्रेलर धावत असतात. त्या रस्त्यावर जनावराची गत काय होते, हे इथल्या माणसांना सांगायला नको. शुक्रवारी मी छत्री घेऊन परिसर पालथा घातला. शनिवारी सेक्रिस्तनने गोदामांच्या कुंपणापर्यंत हाका मारल्या. मार्थाचा पत्ता नव्हता.

आणि रविवार उजाडला. तो २० जुलै, सामान्यकाळातील सोळावा रविवार. त्या दिवसाची वाचने ज्यांना आठवत असतील, त्यांना माझी अवस्था कळेल. पहिल्या वाचनात आब्राहाम मम्रेच्या झाडांपाशी तिघा वाटसरूंच्या पाया पडून त्यांना थांबवून घेतो, त्यांच्यासाठी वासरू कापतो. शुभवर्तमानात प्रभू येशू मार्था आणि मरिया ह्यांच्या घरी उतरतो. मी आतिथ्यावर पंधरा मिनिटे प्रवचन केले. नवागताला दार उघडा, मन मोठे करा, असे सांगितले. ‘मार्था’ हे नाव उच्चारताना दोनदा माझा आवाज अडखळला. लोकांना तो भाव वाटला असेल.

दर सोमवारी उरणकडून एक कोळीण आमच्या दारी येते. १ जून ते ३१ जुलै आपल्या किनाऱ्यावर यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते, म्हणून त्या दिवसांत तिच्या पाटीत सुका जवळा, बोंबील, वाकट्या. मार्थाचा हिस्सा ठरलेला. तो द्यायला मार्था दिसेना, म्हणून तिने विचारले. मी घडले ते सांगितले. तिने पाटी खाली ठेवली, माझ्याकडे पाहिले आणि म्हणाली,

“फादर, घर तिचा. तिला इचारला का?”

मी हसलो. ती हसली नाही. मग मला आठवले की ही बाई जुन्या शेवा गावची. बंदर यायचे ठरले तेव्हा ती तिथे नवी नवरी होती. बंदर २६ मे १९८९ रोजी सुरू झाले. पण ज्यांच्या जमिनीवर आणि खाडीवर ते उभे राहिले, त्यांची कहाणी त्याआधीची आहे. १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली जमिनीच्या रास्त मोबदल्यासाठी उभ्या राहिलेल्या उरणच्या शेतकऱ्यांवर गोळीबार झाला आणि पाच जणांचे प्राण गेले. जुने शेवा गाव उठले. त्यातील कोळी कुटुंबांना उरणजवळ बोरी पाखाडी येथे जागा मिळाली. तोच आजचा हनुमान कोळीवाडा. तिथल्या घरांना वाळवी लागली, आणि दारातले पाणी पाहून उठणारी माणसे वाळवीच्या मातीत हात घालून बसली. ह्या विषयावर माझ्यापेक्षा अधिकाराने बोलणारे पुष्कळ आहेत. मी एवढेच म्हणतो की त्या बाईच्या तोंडी ‘इचारला का’ हे शब्द माझ्या तोंडच्या ‘विचारले का’पेक्षा पुष्कळ जड होते.

जाताना तिने एक वाकटी खिडकीखालच्या गडग्यावर ठेवली. “वासाला येल,” म्हणाली. त्याच रात्री अकराच्या सुमारास मी रोझरी आटोपून दिवा मालवला, तेव्हा बाहेर काहीतरी खसपसले. चिखलाने माखलेली, एका पायाने लंगडणारी मार्था गडग्यावर उभी होती. वाकटी खाल्ली, पण उघड्या खिडकीतून आत आली नाही. आतून टोबीचा वास येत होता.

दुसऱ्या दिवशी मी पनवेलला पशुवैद्याकडे गेलो. त्यांनी टोबीचे दात, कान, नाकावरचा ओरखडा तपासला, श्वानदंशाच्या रोगावरची लस दिली आणि मग मोर्चा माझ्याकडे वळवला. तिघांनाही लस हवी, हे त्यांचे पहिले वाक्य. दुसरे मी वहीत लिहून ठेवले आहे : कुत्र्याला मांजर दाखवायचे नसते, मांजराला हळूहळू कुत्रा कळू द्यायचा असतो. कुत्रा कळपात राहणारा प्राणी, त्याला सोबत हवी. मांजराला आधी जागा हवी. तिची जागा शाबूत आहे अशी खात्री पटल्यावरच तिला सोबतीचा विचार सुचतो. कुत्रा शेपूट हलवतो तेव्हा बहुधा राजी असतो, मांजर शेपूट फटकारते तेव्हा चिडलेली असते. मांजराने शेपटी सरळ उभी धरली की समजावे, सलोखा आहे. एकाच खुणेचे दोन घरांत दोन अर्थ! “आणि एक सांभाळा,” ते म्हणाले, “त्याला एकदाही तिचा पाठलाग करू देऊ नका. पळणाऱ्याच्या मागे धावण्यात त्याला गोडी लागली, की ती मोडणं फार कठीण.”

टोबीची रवानगी कचेरीच्या खोलीत झाली. दार बंद. मार्थाचे घर तिला परत मिळाले, आणि तिसऱ्या दिवशी ती खिडकीतून आत आली. मी जुन्या टॉवेलने टोबीचे अंग पुसून तो टॉवेल मांजरींच्या ताटलीपासून दूर, कोपऱ्यात ठेवी. मांजरींचे गाल पुसलेले फडके टोबीच्या अंथरुणापाशी. मार्था पहिल्या दिवशी टॉवेलावर फिस्कारली, दुसऱ्या दिवशी वळसा घालून गेली, पाचव्या दिवशी तिने त्याच्यावर पाठ फिरवून अंग चाटले. मग बंद दाराच्या दोन्ही बाजूंना जेवण : आत टोबी, बाहेर मांजरी, ताटल्या आधी दारापासून दूर आणि रोज वीतभर जवळ. एखादे दिवशी मार्था ताटलीकडे फिरकली नाही, तर दुसऱ्या दिवशी ताटली पुन्हा मागे. ह्या कामात उत्साहाचा काही उपयोग नसतो, हे मला पन्नाशी उलटल्यावर कळले.

सेक्रिस्तनने गीतपुस्तकांची जुनी फळी स्वयंपाकघरात छातीच्या उंचीवर ठोकून दिली. मांजरींचे जेवण आता तिथे. टोबीचे तोंड पोहोचत नाही, आणि वरून त्याला न्याहाळता येते. भ्यालेल्याला पळायची वाट आणि बसायची उंच जागा मिळाली, की त्याची अर्धी भीती सरते. त्यानंतर दाराला कडी लावून चार बोटांची फट. त्यानंतर टोबी साखळीवर, माझ्या खुर्चीपाशी, आणि मांजरींना हवे तर यावे, नको तर जावे. त्याने मार्थाकडे टक लावली की मी त्याला हाक मारायचो, माझ्याकडे वळला की बिस्किटाचा तुकडा. टक लावणे हीच भांडणाची सुरुवात असते. मरिया पहिल्याच संध्याकाळी येऊन त्याच्या नाकाला नाक लावून गेली. तिचे तसे सगळ्यांशीच जमते. मार्थाला आणखी बारा दिवस लागले.

‘टोबी’ हे नाव त्याच्या मालकांनी कशावरून ठेवले होते, कोण जाणे. मी मात्र ते तोबितच्या पुस्तकातले धरले. तरुण तोबिया देवदूताबरोबर प्रवासाला निघतो, तेव्हा त्यांच्यामागून एक कुत्रा चालतो, आणि परतीच्या वाटेवरही तो आहे. मांजर पवित्र शास्त्रात एकदाच डोकावते : बारूखच्या शेवटच्या अध्यायात, बाबेलच्या मूर्तींवर पक्षी आणि मांजरे खुशाल बसतात, असा उपहास आहे. ही दोन्ही पुस्तके प्रॉटेस्टंट बंधूंच्या बायबलमध्ये नाहीत. म्हणजे हे दोघे कॅथलिक आसऱ्याचे, असे मी गमतीने म्हणतो.

आमच्या सेक्रिस्तीत संत मार्टिन द पोरेस ह्यांचे एक जुने चित्र आहे. पेरू देशातील लिमा शहरातल्या डॉमिनिकन मठाचे हे झाडूवाले संत. स्पॅनिश पिता आणि गुलामगिरीतून मुक्त झालेली कृष्णवर्णीय माता ह्यांचे पुत्र. पोप तेविसावे जॉन ह्यांनी १९६२ साली त्यांना संतपद बहाल केले. त्यांच्या पायाशी कुत्रा, मांजर आणि उंदीर एकाच थाळीत खात आहेत. वर्षानुवर्षे त्या चित्राखाली मी झगा चढवला. आता त्याच्याकडे पाहताना वाटते, चित्रकाराने थाळी रंगवली. त्याआधी मठातले एखादे दार किती दिवस बंद राहिले असेल, ते कोण रंगवणार?

ह्या सगळ्या खटाटोपाची बातमी धर्मग्रामात पसरायला वेळ लागला नाही. पॅरिश कौन्सिलचे एक ज्येष्ठ सभासद भेटायला आले. गोरगरीब दाराशी असताना कुत्र्यामांजरांवर एवढा खर्च फादरांनी करावा का, असे त्यांनी आदराने विचारले. प्रश्न योग्यच होता. कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथाच्या २४१८व्या परिच्छेदात नेमके हेच सांगितले आहे : प्राण्यांना विनाकारण क्लेश देऊ नयेत, त्यांच्यावर प्रेम करण्यास हरकत नाही, पण मानवी दुःखनिवारणासाठी लागणारा पैसा त्यांच्यावर उधळू नये, आणि माणसाच्या वाट्याची माया त्यांच्याकडे वळवू नये. लस आणि औषधे माझ्या स्वतःच्या पैशांतून घेतली, असे मी त्यांना सांगितले. त्यांनी मान हलवली. चहा संपवला. उठता उठता म्हणाले, “ते ठीक आहे, फादर. पण कुत्र्यासाठी मांजरीला तीन आठवडे दिलेत. आम्हांला एक सूचना दिली होतीत.”

मला कळायला क्षणभर वेळ लागला. दोन वर्षांपूर्वी मी रविवारची आठची मराठी मिस्सा सहाला हलवली होती. नव्या गोदामांत कामाला आलेली झारखंडची, केरळची तरुण माणसे वाढली होती. त्यांना हिंदीत आणि इंग्रजीत उपासना हवी होती, आणि आठची वेळ सोयीची होती. निर्णय चूक नव्हता, असे मी आजही म्हणेन. पण कम्युनियननंतर चार ओळी वाचून मी तो उरकला. बंदराच्या पहिल्या दिवसांत वसईहून, गोव्याहून, मंगळूरहून येऊन ज्यांनी पत्र्याच्या शेडमध्ये उपासना सुरू केली, त्यांना विचारले नाही. त्यांतले काही जण दिसेनासे झाले. त्यांची मने कोती आहेत, असे मी प्रवचनांतून सुचवतही होतो.

टोबीचे मालक त्या आठच्या मिस्सेला डावीकडच्या तिसऱ्या बाकावर बसत. सहाला ते कधीच आले नाहीत. त्यांच्या खाटेशी बसलो असतानाही मला हे आठवले नव्हते. त्यांनी काढलेही नाही. कुत्रा तेवढा माझ्या हवाली केला.

ऑगस्टपासून मी त्या घरांतून हिंडतो आहे. हिंदी उपासनेला येणारी दोन मुलेही बरोबर असतात. एका आजींनी आम्हांला घावणे खाऊ घातले, तासभर गुडघ्यांविषयी बोलल्या आणि पुढच्या रविवारी आल्या नाहीत. दोन कुटुंबे आली आहेत. एका गृहस्थांनी दार उघडून साखळी तशीच ठेवली आणि फटीतूनच ख्यालीखुशाली विचारली. मी बाहेरूनच बोललो आणि पुन्हा येतो म्हणून निघालो.

४ ऑक्टोबरला संत फ्रान्सिस ह्यांच्या सणानिमित्त मुलांनी आपापले प्राणी आशीर्वादासाठी आणले : ससे, पोपट, एक बोकड, प्लॅस्टिकच्या डब्यात दोन मासे. टोबी साखळीवर माझ्या पायाशी होता. मरिया त्याच्या पाठीला टेकून बसली होती. मार्था गडग्यावर. ती खाली उतरली नाही. मी थोडे पुढे होऊन तिच्या दिशेने तीर्थ शिंपडले. तिने एक कान झटकला, शेपटी सरळ उभी धरली आणि तिथेच बसून राहिली.