दोन कार्बोरेटर, एक स्लो

गाडी १९५१ ची एमजी टीडी. इंजिन १२५० सीसी, चार सिलिंडर, आणि एका बाजूला सव्वा इंची दोन एसयू कार्बोरेटर. तक्रार एकच: थंड असताना ठीक, तापली की स्लो, म्हणजे उभ्या गाडीच्या इंजिनाचा वेग, खाली येतो, मग वर जातो, मग गाडी बंद. पळताना काही नाही. शिरूरहून दौंडला जायचं तर न्हावरे, पारगावचा भीमेवरचा पूल, चौफुला, पाटस. गळीत हंगामात या रस्त्यावर उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या जोडलेल्या ट्रॅक्टरमागे रांगावं लागतं. स्लोची खरी परीक्षा तिथे होते.

*

शिरूरच्या गॅरेजचं पहिलं निदान नेहमीचं: "कार्बोरेटर खोला." खोलू नये. टॅपेट, पॉइंटचा गॅप, कंडेन्सर, प्लग, टायमिंग आणि कॉम्प्रेशन हे सगळं आधी बघायचं, आणि याच क्रमाने. स्लोवर इंजिनात जाणारी हवा थोडी, पेट्रोल थोडं, ठिणगीला चुकायला जागा नाही. साठच्या वेगात लपणारा दोष इथे उघडा पडतो आणि नाव कार्बोरेटरचं खराब होतं. एखादा व्हॉल्व्ह नीट बसत नसेल तर जेटचा नट आयुष्यभर फिरवला तरी स्लो बसणार नाही.

*

प्लग काढून ओळीने फडक्यावर ठेवले. एक आणि दोन नंबर पांढरट, तीन आणि चार काळे. पुढचा कार्बोरेटर मुख्यतः पहिल्या दोन सिलिंडरना पुरवतो, मागचा शेवटच्या दोहोंना. म्हणजे पुढचा हवा खातोय आणि ती कमतरता भरून काढायला कुणीतरी मागचं मिक्स्चर जड करून ठेवलंय. प्लग इतकं स्वच्छ बोलतात, तरी गॅरेजमध्ये ते पुसून परत लावायची घाई असते.

*

एसयूचा शोध इंग्लंडमधल्या स्किनर नावाच्या चपला-बूटवाल्या घराण्यातल्या माणसाचा, १९०४-०५ च्या सुमाराचा. पहिल्या कार्बोरेटरमध्ये पिस्टनच्या जागी चक्क चामड्याचा भाता होता. घरात चामडं होतंच.

*

दौंडमध्ये मोटारीचे मिस्त्री पुष्कळ, पण त्यांचा हात एका कार्बोरेटरवर बसलेला. ॲम्बेसेडरला एक, पद्मिनीला एक. जोडी जुळवणारा माणूस सापडला तो मोटारसायकलच्या गॅरेजात. १९८३ मध्ये एस्कॉर्ट्सने यामाहाची आरडी भारतात राजदूत ३५० म्हणून आणली; तिला दोन सिलिंडर, दोन मिकुनी. ती बांधणाऱ्याला जोडी जुळवल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. हे काका आता साठीच्या पुढे. बॉनेट उघडल्यावर कशालाही हात न लावता मिनिटभर ऐकत उभे राहिले. मग म्हणाले, "दादा, दोघं भांडतायत. आधी वेगळे करा, मग समजूत घाला."

*

वेगळे करायचे म्हणजे दोन्ही थ्रॉटल स्पिंडलना जोडणाऱ्या दांडीचे क्लॅम्प ढिले करायचे. ते ढिले न करता स्लोचे स्क्रू फिरवणं व्यर्थ. एक फिरवला की दुसरा आपोआप ओढला जातो. चोकची तारही तपासायची. एसयूत चोक म्हणजे जेट खाली ओढणं. तार आखडून एक जेट पूर्ण वर परतला नाही तर तो कार्बोरेटर दिवसभर चोकवर चालतो.

मग काकांनी बोटाएवढ्या जाडीची रबरी नळी घेतली. एक टोक कानाशी, दुसरं पुढच्या कार्बोरेटरच्या तोंडाशी. सूं असा आवाज. तीच नळी मागच्याला: आवाज जाड, खालच्या पट्टीतला. पाव फेरा इकडे, पाव फेरा तिकडे, दोन्ही आवाज सारखे होईपर्यंत. यासाठी हवा मोजायचं यंत्र मिळतं, माझ्याकडे आहेही. काकांनी ते उलटसुलट बघून परत दिलं.

*

मिक्स्चर. जेटच्या नटाला सहा बाजू. नट खाली घेतला की मिक्स्चर जड, वर घेतला की हलकं. एका वेळी एकच बाजू फिरवायची. तपासणी अशी: कार्बोरेटरचा पिस्टन जेमतेम मिलिमीटरभर उचलायचा. रेस चढून तशीच राहिली तर जड. इंजिन गुदमरलं तर हलकं. किंचित चढून पुन्हा जागेवर आली तर बरोबर. एसयूला स्लोसाठी वेगळा जेट नसतो, एकच जेट आणि एकच सुई सगळीकडे. म्हणून स्लोवर केलेली चूक चौफुल्यापर्यंत सोबत येते.

*

या पिस्टनवरच्या डॅशपॉटमध्ये तेल घातल्याने स्लो सुधारतो, हा गैरसमज फार पक्का आहे. ते तेल रेस देताना पिस्टन एकदम उडू नये म्हणून. स्लोशी संबंध अडकलेल्या पिस्टनचा. तो उचलून सोडल्यावर 'टक्' असा खाली बसला पाहिजे. बसत नसेल तर पेट्रोलने पुसावा. पॉलिश पेपर लावणाऱ्याच्या हातून गाडी काढून घ्यावी. आणि एकाचं झाकण दुसऱ्याला बसवू नये. पिस्टन आणि त्याचं घर जोडीने घासलेलं असतं.

*

शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांतला ऊस. त्यापासून साखर, मळी, इथेनॉल. आणि आता ते इथेनॉल पेट्रोलमध्ये. २० टक्क्यांचं मिश्रण २०२३ पासून पंपांवर येऊ लागलं. शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला वजनाने १४.७ भाग हवा लागते, इथेनॉलला ९, या मिश्रणाला साधारण साडेतेरा. म्हणजे जुन्या मापावर लावलेला जेट आता हलका पडतो, आणि हलक्या मिक्स्चरचा स्लो असाच वरखाली झोके खातो. एक-दोन बाजू नट खाली घेतल्यावर फरक कळला. दुसरा त्रास जास्त चिवट. या जेटभोवती बुचाचे वॉशर असतात, जुन्या रबरी नळ्या असतात; इथेनॉल रबर फुगवतं. नव्या नळ्या इथेनॉल सोसणाऱ्याच घ्याव्यात. नवे बुचाचे वॉशर बसवण्याआधी रात्रभर तेलात भिजवावेत, नाहीतर जेट अडकतो किंवा गळतो. पण ऊस लावणाऱ्या शेतकऱ्याला दोष कसा द्यायचा? इथेनॉलमुळे निदान उसाचं बिल निघतं.

*

रांजणगावला, याच शिरूर तालुक्यात, फियाटच्या कारखान्यातून जीप कंपास बाहेर पडते. तिचा स्लो संगणक सेकंदात कितीतरी वेळा सुधारतो. ती बिघडली तर लॅपटॉप जोडावा लागतो. रबरी नळी कानाला लावून काही ऐकू येणार नाही.

*

जोडी जुळली, मिक्स्चर बसलं, तरी तापल्यावर किंचित डगमग राहिलीच. काकांनी सुईच्या सिरिंजमधून पुढच्या थ्रॉटल स्पिंडलच्या टोकावर थेंबभर जाड तेल सोडलं. स्लो लगेच स्थिर, आणि तेल आत ओढलं गेलं तसा पुन्हा डळमळीत. भोक झिजून लंबगोल झालंय. गाडी तिथून हवा खाते. त्याला स्क्रूने उत्तर नाही. भोक मोठं करून ब्राँझचं बुश बसवायचं, नवा स्पिंडल घालायचा. मागचा अजून चालेल. पुढचा काढून दौंडच्या लेथवाल्याकडे दिलाय, तो म्हणतो, "ट्रॉल्यांच्या ॲक्सलची कामं आहेत, सीझन संपू द्या."