चुन्याची ट्रॉली

चुना म्हटलं का आपल्याकडं खर्र्याचा, नाहीतर दिवाळीत भिंतीला मारायचा. वावरात चुना टाकतात हे मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा दहावी पास होऊन चार-पाच वर्षं झाली होती, आणि साकोली तालुक्यातल्या आमच्या गावात एका मोठ्या कास्तकाराच्या लाल बी-275 वर हेल्पर होतो. त्याची बरड्या जमिनीची चार एकर बांधी होती. माती आंबट निघाली, चुना टाका, असं त्याला कोणीतरी सांगितलं.

ट्रॉली भरून आणला तो कळीचा चुना, भट्टीतला. चुनखडीची साधी भुकटी नाही. दोघांत फरक मोठा आहे. 100 किलो चुनखडी जे काम करते ते 56 किलो कळीचा चुना करतो, म्हणून वाहतुकीला तो स्वस्त पडतो. पण पाणी लागलं का तापतो, उकळतो. आम्ही धुऱ्यावर पाणी शिंपडून तो विरवला. वरची भुकटी झाली, आतले खडे तसेच राहिले.

मग वावरात ढीग. ट्रॅक्टर पहिल्या गिअरमध्ये रांगत जायचा, मी मागून फावड्यानं ओढायचो. एका एकरात 20 ढीग, अंदाजे 20 किलोचा एक. पसरवायला बाया, हातात घमेला. यंत्र म्हणाल तर तेच.

दुपारी वारा सुटला. एका मावशीच्या डोळ्यात भुकटी गेली. तिनं पदरानं डोळा चोळला. विहीर दोन बांध्या पलीकडं होती, तिला धरून नेईपर्यंत वेळ गेला. पुढं भंडाऱ्याला दवाखान्यात नेलं, पण डोळ्यात फूल पडलं ते पडलंच. त्या दिवसाची मजुरी तिला पूर्ण मिळाली, एवढंच. मावशी पुढं कितीतरी वर्षं रोवणीला यायची, मान जरा वाकडी करून पऱ्हे लावायची.

त्या वर्षी धानात जिथं जिथं ढीग होते तिथं गोल चट्टे दिसले. खालची पानं तांबूस, रोप खुजं. चुना जास्त झाला का जस्त पिकाला मिळत नाही. बाकी बांधीत धान होता तसाच. कास्तकार म्हणाला, चुना फुकट गेला.

आता समजते का तसं का झालं. बांधीत पाणी उभं राहिलं का आंबट माती काही आठवड्यांत आपोआप बरीच सुधरते, म्हणून धानाला चुन्याचा फरक कमी दिसतो. पाणी सुकलं का माती पुन्हा मूळ जागी. खरी अडचण धानामागच्या हरभऱ्याला येते, मुळावरच्या गाठी नीट बनत नाहीत. त्या बांधीत हरभरा कोणी पाहिलाच नाही.

पुढं खत फेकायचा कोन आला, ट्रॅक्टरच्या मागं लावायचा, पीटीओवर फिरणारा. युरियाचा दाणा दूर जातो त्यानं. एका वर्षी एका भाड्याच्या ट्रॅक्टरवाल्यानं त्यात चुनखडीची भुकटी भरली. भुकटीला वजन नाही, ती मागंच ढगासारखी उठली आणि ड्रायव्हर पांढरा होऊन उतरला. दमट पोत्याची तर आत कमान धरते, खाली काहीच पडत नाही. भुकटीला पेटीचं यंत्र पाहिजे. लांब पेटी, आत ढवळणारा दांडा, खाली भोकं, जमिनीपासून वीतभर उंच. मोठ्या देशांत चाकाखाली शिवारं सपाट, ट्रकएवढी यंत्रं चालतात. आपली बांधी अर्ध्या एकराची, मधात धुरे. मोठं यंत्र फिरणार कुठं?

मी एकरी 4 क्विंटल चुनखडीची भुकटी टाकतो, तीही माती तपासूनच, हरभऱ्याच्या तासात. म्हणजे चौरस मीटरला 100 ग्रॅम. एक मीटर लांब-रुंद ताडपत्री अंथरून, त्यावर पडलेलं तराजूत तोला, अंदाज येतो. युरियासोबत मिसळू नका, अमोनिया उडून जातो. तोंडाला दुपट्टा, डोळ्याला चष्मा, आणि पाण्याचा ड्रम वावरातच. डोळ्यात गेलं तर चोळायचं नाही, 15-20 मिनिटं धुवत राहायचं, मग दवाखाना.

18-20 एचपीच्या छोट्या ट्रॅक्टरला लागणारी अशी पेटी लाखनी, साकोली, पवनीकडं कोणी बनवून घेतली असेल तर फोटो टाका भाऊ. भोकाचं माप पण सांगा.