“आमच्या घराण्यातच गुडघे खराब!”

हे वाक्य मी लहानपणापासून ऐकतेय. आजी भिंतीला धरून चालायची. आई आता ७१ ची, प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकवत जिना चढते. मावशीचंही तेच. मी पंचेचाळिशीत आलेय आणि जमिनीवरून उठताना हात टेकावा लागतोय. म्हणून म्हटलं, यात खरं किती ते एकदा बघूच.

खरं आहे, पण अर्धंच. सांध्यातली कूर्चा झिजण्याच्या या आजाराला डॉक्टर ऑस्टिओआर्थ्रायटिस म्हणतात. १९९६ साली ब्रिटनमधल्या जुळ्या बहिणींचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात हाताच्या आणि गुडघ्याच्या झिजेत अनुवंशिकतेचा वाटा ३९ ते ६५ टक्के निघाला. म्हणून काही ‘गुडघेदुखीचं एक जनुक’ नसतं. २००७ मध्ये जपानी संशोधकांनी सांध्यांच्या घडणीत भाग घेणाऱ्या जीडीएफ-५ या जनुकातला बदल दाखवला. २०२५ मध्ये ‘नेचर’मध्ये १९ लाख ६२ हजार लोकांचा अभ्यास आला, त्यात अशा ९६२ खुणा सापडल्या. बहुतेकींचा परिणाम चिमूटभर. आणि तपासलेले बहुतांश लोक युरोपीय वंशाचे, आपल्यासारखे थोडेच.

म्हणजे आईकडून मला आजार नाही आला, शक्यता आली. बाकीचं वजन ठरवतं, जुनी दुखापत ठरवते, वर्षानुवर्षं उचललेलं ओझं ठरवतं. आमच्या कळंबोलीत तर लोखंड बाजार आहे. आयुष्यभर ओझी वाहिलेल्या माणसाने गुडघा धरला की आपण “वय झालं” म्हणून मोकळे होतो. त्याच्या कामाबद्दल कोण विचारतं?

आणि जिने! लिफ्ट नसलेल्या चार मजली इमारती आपल्याकडे किती आहेत. गुडघा दुखतो म्हणून म्हातारं माणूस खाली उतरत नाही. चालणं थांबलं की मांडीचे स्नायू ढिले पडतात, वजन वाढतं, गुडघा आणखी दुखतो. खरं तर एक किलो वजन उतरलं, तर प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी हलका होतो. मांडीच्या व्यायामानेही दुखणं कमी होतं. हे ऑपरेशनच्या आधी करायचं काम आहे.

२०१७ मध्ये केंद्र सरकारने कृत्रिम गुडघ्याच्या किमतीवर मर्यादा आणली. सर्वाधिक वापरातला सांधा सरासरी दीड लाखांच्या वरून ५४,७२० रुपयांवर आला, जीएसटी वेगळा. चांगलंच झालं. पण तो गुडघा गेल्यानंतरचा उपाय.

जनुकं बदलणं आपल्या हातात नाही. वॉर्डात व्यायाम शिकवणारा फिजिओथेरपिस्ट, मध्ये बाक असलेला सपाट फुटपाथ, जुन्या इमारतींना लिफ्ट, हे मात्र मागता येतं. मत मागायला येणाऱ्याला हे विचारा.

तुमच्या इमारतीत चौथ्या मजल्यावर कोण आजी-आजोबा राहतात? ते शेवटचे खाली कधी उतरले होते? कमेंटमध्ये लिहा.