खारटपणाचे माप

आमच्या घरात सध्या समुद्र आहे. तो तीन फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच असून दिवाणखान्याच्या खिडकीपासून जरा दूर, भिंतीशी मांडलेला आहे. त्यात दीडशे लिटर पाणी मावते आणि त्या पाण्याला साडेपाच-सहा किलो मीठ लागते. हे मीठ वाण्याकडचे नव्हे. समुद्रात जे जे क्षार असतात ते ते त्याच प्रमाणात मिसळून तयार केलेले असते. त्याचे पोते रिक्षातून उतरवताना शेजारच्या वहिनींनी मला विचारले होते, "एवढं कसलं लोणचं घालताय?"

छत्रपती संभाजीनगरासारख्या शहरात समुद्र आणण्याचा खटाटोप कोण करील, असे तुम्ही म्हणाल. खरे आहे. आमचे हे शहर औरंगाबाद होते तेव्हाही समुद्र तीनशेहून अधिक किलोमीटर दूर होता आणि नाव बदलले म्हणून तो काही जवळ आला नाही. साध्या नळाच्या पाण्यासाठी आम्ही वर्षानुवर्षे दिवस मोजले. खाऱ्या पाण्याची चैन कुणाला सुचणार? परंतु आमच्या घरात आई आहे आणि आई मालवणजवळच्या देवबागची आहे.

देवबाग म्हणजे एक वाळूची पट्टी. एका अंगाला दर्या, दुसऱ्या अंगाला कर्ली नदीची खाडी. आई लहानपणी पुढच्या दाराने गेली की समुद्रावर जाई, मागच्या दाराने गेली की खाडीवर. साठ वर्षांपूर्वी लग्न होऊन ती ह्या कोरड्या पठारावर आली आणि तिने कधी तक्रार केली नाही. मात्र पैठणचे जायकवाडी धरण १९७६ साली पुरे झाल्यानंतर वडील तिला मोठ्या हौसेने नाथसागर दाखवायला घेऊन गेले, तेव्हा त्या अफाट पाण्यापुढे ती क्षणभर हरखली. मग वाकून तिने ओंजळ भरली, पाणी तोंडात घेतले आणि म्हणाली, "आळणी!" हा एकच शब्द वडील जन्मभर विसरले नाहीत; आणि मीही विसरलो नाही. ती ब्याऐंशी वर्षांची झाली, गुडघ्यांनी कोकणचा प्रवास बंद केला, तेव्हा मी ठरवले की आता समुद्रालाच घरी आणायचे.

समुद्र आला. त्यात नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेले विदूषक माशांचे एक जोडपे आले आणि लाल पाठीवर पांढरी रेघ मिरवणारी, माशांचे अंग साफ करून देणारी एक कोळंबी आली. आई तिला सुंगट म्हणे. "आजवर हिचं कालवणच केलं, हिच्याकडे बघायचं सुचलं नाही," असे म्हणून ती तासन्‌तास काचेपुढे बसे.

आता प्रश्न उरला मापाचा. समुद्राच्या एक किलो पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. ते फार कमीजास्त झाले, की त्यात राहणाऱ्या जिवांच्या अंगातले पाणी आणि बाहेरचे पाणी यांचा मेळ मोडतो. दुकानदाराने मला प्लास्टिकची एक चपटी डबी दिली. तिला हायड्रॉमीटर म्हणतात. पाणी भरायचे, आतला काटा वर तरंगतो. पाणी जितके खारट तितके जड, आणि जितके जड तितका काटा वर. काटा १.०२५ वर थांबला आणि माझा चेहरा गर्वाने फुलला. आकडा बरोबर होता.

आईने काचेच्या कडेवरचे पाणी बोटाने टिपून जिभेला लावले. (टाकीतले पाणी तोंडात घालू नये, हे तिला सांगणारा मी कोण?) ती म्हणाली, "हे पाणी दर्याचं नव्हे, खाडीचं."

मी हसलो. यंत्र म्हणते समुद्र आणि आई म्हणते खाडी!

मित्रमंडळींनी आपापली मापे सुचवली. एकाने सांगितले, कच्चे अंडे टाक, तरंगले की समुद्र झाला. वस्तुतः ताजे अंडे खऱ्या समुद्रातही बुडते. ते तरंगायला पाणी त्याहून कितीतरी खारट लागते. त्याचे ऐकले असते तर माशांचे खारवण झाले असते. दुसऱ्याची दुधाची डेअरी होती. तो लॅक्टोमीटर घेऊनच आला. दूध तपासण्याची ती काचेची कांडी आमच्या समुद्रात उभी राहिली आणि एकविसाच्या खुणेशी थबकली. म्हणजे १.०२१. "तुमच्या गवळ्यानं पाणी घातलंय," तो म्हणाला. आम्ही पोट धरून हसलो. दुधाच्या कांडीने कुणी समुद्र मोजतो काय?

तरी मनात शंका शिरली ती शिरलीच. म्हणून मी रिफ्रॅक्टोमीटर आणला. आमच्या भागातल्या द्राक्षबागाईतदारांना हे नाव पाठ असते, कारण मण्याच्या रसाची गोडी ते त्यातूनच पाहतात. लहानशा दुर्बिणीसारखे हे यंत्र. तिरप्या काचेवर पाण्याचे दोन थेंब टाकायचे, झाकण मिटायचे आणि उजेडाकडे धरून पाहायचे. पाणी खारट असेल तसा प्रकाश अधिक वाकतो, आणि निळा रंग संपून पांढरा जिथे सुरू होतो तिथला आकडा वाचायचा. बॅटरीत घालायच्या डिस्टिल्ड पाण्याने मी त्याचे शून्य जुळवले. टाकीच्या पाण्याला ते म्हणाले, ३०.

डबी एक सांगते, दुर्बीण दुसरे, दुधाची कांडी तिसरे, आणि आई चौथे. ह्या पंचायतीत पंच कोण?

शोध घेता घेता मला एक गोष्ट कळली, आणि ती एवढी साधी होती की मला माझीच लाज वाटली. 'चॅलेंजर' जहाजाने १८७२ ते १८७६ पर्यंत जगभर फिरून आणलेल्या पाण्याचे सत्त्याहत्तर नमुने डिटमार नावाच्या रसायनज्ञाने तपासले. १८८४ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या कामातून दिसले, की पाणी कमीजास्त खारट असले तरी त्यातल्या मुख्य क्षारांचे आपसातले प्रमाण जवळजवळ तेच राहते. म्हणून तर एका आकड्यात समुद्र सांगता येतो. पण तो आकडा सर्वांचा सारखा यावा कसा? त्यासाठी विसाव्या शतकाच्या आरंभापासून कोपनहेगनहून काचेच्या बंद नळ्यांत भरलेले प्रमाण-पाणी देशोदेशींच्या संशोधकांना जाऊ लागले. मार्टिन क्नुड्सेन ह्या डॅनिश शास्त्रज्ञाचा त्यामागे पुढाकार होता. प्रत्येकाने आपले माप आधी त्या पाण्याशी ताडून पाहायचे, मगच समुद्राविषयी बोलायचे.

माझ्याकडे कोपनहेगन नव्हते, पण सराफ्यात एक स्नेही होते. त्यांच्या काट्यावर वजनमाप खात्याचा शिक्का असतो. त्या काट्यावर मी ३६.५ ग्रॅम शुद्ध मीठ तोलले आणि ९६३.५ ग्रॅम डिस्टिल्ड पाण्यात विरघळवले. नुसत्या मिठाचे असे पाणी प्रकाशाला अगदी ३५ च्या समुद्राइतकेच वाकवते. "सोनं सोडून मीठ तोलायला आलेले तुम्ही पहिलेच," सराफ म्हणाले.

त्या पाण्याला दुर्बिणीने ३५ म्हणायला हवे होते. ती म्हणाली ३७. अशी पुष्कळशी यंत्रे समुद्रासाठी नव्हे, साध्या मिठाच्या पाण्यासाठी आखलेली असतात. शून्यावर खरा ठरलेला पस्तिसावरही खरा ठरेलच असे नाही, माणसांचेही तसेच. मी तिचा स्क्रू फिरवून ३५ वर आणले आणि मग टाकीचे पाणी पाहिले. अठ्ठावीस! धावत जाऊन डबी हातात घेतली. काट्याला बारीक बुडबुडे चिकटले होते आणि तेच त्याला वर उचलून धरत होते. टिचकी मारून ते उडवले. काटा १.०२१ वर येऊन बसला.

डेअरीवाला खरा होता. आई खरी होती. पाणी खाडीचेच होते.

इथे मी शहाण्यासारखे वागायला हवे होते. रोज एखाद्या अंशाने खारटपणा वाढवत आठवडा घ्यायला हवा होता. पण खोटा पडलेला माणूस घाईत असतो. मी त्याच संध्याकाळी सव्वा किलो मीठ बादलीत विरघळवले आणि ओतून मोकळा झालो. मासे तगले. तिसऱ्या दिवशी सकाळी सुंगट दगडाशी आडवी पडलेली दिसली. आईने काहीच म्हटले नाही. जिच्या जातभाईंचे आयुष्यभर कालवण केले, तिच्यासाठी ती पदराने डोळे पुसत होती. त्या दिवशी आमच्याकडे मासळी शिजली नाही.

त्यानंतर मी नेमाने वागू लागलो. दर महिन्याला प्रमाण-पाणी, मग दुर्बीण, मग टाकी. उन्हाळ्यात आमच्याकडे पाणी झपाट्याने उडते आणि मीठ मागेच राहते, मिठागरात राहते तसे. म्हणून रोज सकाळी तेवढे गोडे पाणी घालू लागलो. विजेवर मोजणारे मीटरही मिळतात, फार सोयीचे असतात. पण त्यांनाही प्रमाण-द्रव दाखवावाच लागतो. त्यातून सुटका कुणालाच नाही.

आणि मे महिन्यात आई पुन्हा बोट चाटून म्हणाली, "मीठ फार झालं."

मी ह्या वेळी हसलो नाही. दुर्बीण आणली: ३५. नवे प्रमाण-पाणी करून पुन्हा पाहिले: ३५. आई ऐकेना. त्याच आठवड्यात माझा मामेभाऊ देवबागहून आला. त्याला मी फोन करून दर्याच्या पाण्याची बाटली आणायला सांगितले होते. दुर्बिणीत ते पाणीही ३५ च्या रेषेलाच टेकले. मग आईने बाटलीत बोट बुडवले, जिभेला लावले आणि तोंड आंबट केले.

"हेसुद्धा खारट आहे," ती म्हणाली. आणि मग हळूच, "कुठलं म्हणालास हे?"

"देवबागचं, आत्या. घरापुढचं."

कुणी काही बोलले नाही. सहा महिन्यांपूर्वी डॉक्टरांनी रक्तदाबासाठी तिचे मीठ निम्म्यावर आणले होते. महिनोन्‌महिने मीठ कमी खाल्ले की जिभेला थोडेसेही पुष्कळ वाटू लागते. हे मला ठाऊक होते, पण तिला सांगायचे धैर्य मला झाले नाही. सांगावे लागलेही नाही. तिने बाटलीला घट्ट बूच लावले आणि म्हणाली, "दर्या आहे तिथंच आहे रे. माझी जीभच माहेरची राहिली नाही."

खात्रीचे माप कोणते, असे मला आता पुष्कळजण विचारतात. मी सांगतो, तुमच्या ऐपतीत बसेल ते घ्या. पण ज्याच्याशी ते ताडायचे ते पाणी आधी घरात आणून ठेवा. न ताडलेले माप, मग ते कितीही महाग असो वा कितीही प्रिय असो, एक दिवस दगा देते, आणि दगा देताना त्याचा आवाज पूर्वीइतकाच ठाम असतो.

परवा दिवाळीचा चिवडा परतायला घेतला. साठ वर्षे आमच्या घरच्या चिवड्याचे मीठ आईच्या चिमटीतून पडत आले आहे. यंदा तिने डबा उघडला, चिमूट भरली, जरा थांबली आणि मीठ पुन्हा डब्यात सोडले. चमचा माझ्या हातात देत म्हणाली,

"तू घाल. मोजून घाल."

मी मोजून घातले. मग तिनेच कागदावर थोडा चिवडा काढून शेजारी पाठवला आणि वहिनींचा निरोप येईपर्यंत दाराशी उभी राहिली.