महामार्गाने टाकलेले गाव

मे महिन्याच्या पहिल्या शनिवारी सकाळी अमेरिकेच्या ॲरिझोना राज्यातील सेलिगमन या गावात पाय ठेवायला जागा नसते. एरवी हे गाव काहीशे वस्तीचे. एक मुख्य रस्ता, त्याच्या दुतर्फा जुनी दुकाने, पलीकडे रेल्वेचे रूळ आणि त्यापुढे क्षितिजापर्यंत पिवळ्या गवताचे कोरडे पठार. त्या दिवशी मात्र रस्त्याच्या दोन्ही कडांना मोटारी उभ्या राहतात. 1930 च्या दशकातील चौकोनी फोर्ड, मागच्या बाजूला माशासारखे पर असलेल्या 1950 च्या दशकातील लांबलचक गाड्या, रंग उडालेले छोटे ट्रक, आणि त्यांच्यामध्ये निःसंकोचपणे उभी असलेली एखादी कालपरवाची साधी गाडीसुद्धा. मालक हातात मऊ फडके घेऊन क्रोमच्या पट्ट्या पुन्हा पुन्हा पुसत असतात. मग रांग हळूहळू पश्चिमेकडे सरकू लागते.

या मोटारयात्रेला ‘फन रन’ म्हणतात. ही शर्यत नव्हे. येथे वेगाला बक्षीस नाही. सेलिगमनपासून कोलोरॅडो नदीकाठच्या टोपॉकपर्यंतचे अंतर सुमारे 140 मैल, म्हणजे सव्वादोनशे किलोमीटर. मनात आणले तर अर्ध्या दिवसात संपणारा हा रस्ता ही माणसे शुक्रवार ते रविवार असा पुरवून पुरवून वापरतात. रस्ता आहे ‘रूट 66’, आणि ही यात्रा सुरू होण्यामागे एका न्हाव्याची जिद्द आहे.

सेलिगमन या नावाची हकीकत, हिशेबाच्या वह्यांत आयुष्य घालवलेल्या वाचकांना विशेष रुचावी. पूर्वी या ठिकाणाला ‘प्रेस्कॉट जंक्शन’ म्हणत. पुढे ज्यांनी या भागातील रेल्वेला भांडवल पुरवले त्या न्यूयॉर्कच्या सेलिगमन बंधूंच्या पेढीचे नाव गावाला मिळाले. सावकाराचे नाव धारण करणारी गावे जगात थोडीच असतील. गाव रेल्वेवर वाढले आणि 1926 नंतर रस्त्यावर पोसले गेले. त्या वर्षीच्या नोव्हेंबरात शिकागोपासून पॅसिफिक किनाऱ्यापर्यंत आठ राज्यांतून जाणाऱ्या मार्गाला 66 हा क्रमांक देण्यात आला. त्यानंतर पाच महिन्यांनी, एप्रिल 1927 मध्ये, याच रस्त्याकाठच्या एका घरात एंजल डेल्गादियो यांचा जन्म झाला. वडील न्हावी होते. दुकानाला जोडून बिलियर्ड खेळण्याची खोली होती.

एंजल यांच्या बालपणी अमेरिकेच्या मध्यभागातील शेतजमिनी दुष्काळाने आणि धुळीच्या वादळांनी उजाड झाल्या होत्या. बँकांनी कर्जापोटी शेते ताब्यात घेतली, आणि ओक्लाहोमा व आसपासच्या राज्यांतील कुटुंबे मोडक्या मोटारींवर संसार बांधून कॅलिफोर्नियाच्या दिशेने निघाली. जॉन स्टाइनबेक यांच्या 1939 च्या कादंबरीने या रस्त्याला ‘मातृमार्ग’ हे नाव दिले ते याच लोंढ्यावरून. सेलिगमनची मुले रस्त्याकडेला उभी राहून या गाड्या पाहत. टपावर एकच गादी बांधलेली असेल तर कुटुंब गरीब, दोन असतील तर त्यातल्या त्यात सुखवस्तू, असा त्यांचा हिशेब असे, असे एंजल पुढे सांगत. अपरिग्रहावर प्रवचने ऐकत मोठे झालेल्या माणसालाही क्षणभर थांबवील असे हे मोजमाप आहे. व्रत म्हणून ठेवलेले थोडके आणि नशिबाने उरलेले थोडके बाहेरून सारखेच दिसते. ज्याच्या टपावर ती एकुलती एक गादी असते त्यालाच फरक कळतो.

रात्री मुलांचा दुसरा खेळ असे. येणाऱ्या मोटारींचे दिवे भिंतीवर पडत आणि मुले त्या प्रकाशात नाचत आपल्या सावल्या लांब-आखूड होताना पाहत.

मंदीने डेल्गादियो कुटुंबालाही सोडले नाही. एक वेळ अशी आली की त्यांनीही आपली जुनी फोर्ड भरून कॅलिफोर्नियाला निघण्याची तयारी केली. थोरल्या भावंडांनी वाद्यवृंद जमवला होता. नेमके तेव्हा त्यांना वादनाची कामे मिळू लागली आणि गाडी रिकामी करण्यात आली. तरुणपणी एंजल केशकर्तनाचे शिक्षण घेण्यासाठी कॅलिफोर्नियातील पासाडेनाला गेले आणि परत येऊन वडिलांच्या धंद्यात उभे राहिले. भाऊ हुआन रेल्वेत नोकरी करीत. त्यांनी 1953 मध्ये रेल्वेच्या टाकाऊ लाकडातून ‘स्नो कॅप’ नावाचे आइस्क्रीमचे दुकान उभारले. त्याच्या दाराला दोन मुठी. त्यांतली एक खोटी. नव्या गिऱ्हाइकाची फजिती हा तिथल्या आतिथ्याचाच भाग होता.

मग 1956 चा कायदा आला. देशभर 41,000 मैल लांबीचे, चौक आणि सिग्नल नसलेले वेगवान महामार्ग बांधायचे, आणि खर्चापैकी 90 टक्के रक्कम केंद्र सरकारने द्यायची, असा तो कायदा. ॲरिझोनाच्या या भागात नवा ‘इंटरस्टेट 40’ तयार व्हायला दोन दशके लागली. 22 सप्टेंबर 1978 रोजी तो सेलिगमनच्या बाजूने सुरू झाला आणि त्या एका दिवसात गावातील रस्ता ओस पडला. सकाळी जो रस्ता ओलांडण्यासाठी थांबावे लागे, त्यावर दुपारी कुत्रे झोपले तरी चालले असते. एंजल तेव्हा 51 वर्षांचे होते.

नवा महामार्ग गावापासून फार दूर नव्हता; अंतर जेमतेम दोन-तीन किलोमीटर. पण ताशी शंभर किलोमीटरच्या वर जाणाऱ्या माणसाला तेवढे अंतर परदेशाइतके असते. पुढच्या गावांची स्थिती याहून बिकट झाली. जुना रस्ता सेलिगमनहून उत्तरेकडे मोठी कमान घेत पीच स्प्रिंग्ज, ट्रक्स्टन, हॅकबेरी ही गावे जोडत किंगमनला उतरतो. नव्या रस्त्याने ती कमान टाळून सरळ मार्ग धरला आणि कमानीवरची सगळी गावे एकदम नकाशाबाहेर गेली. पेट्रोलपंप, मोटेल, खाणावळी एकामागून एक बंद झाल्या. 1985 मध्ये रेल्वेनेही सेलिगमन येथे कर्मचारी बदलण्याची पद्धत थांबवली आणि त्याच वर्षी जून महिन्यात रूट 66 हा क्रमांक अधिकृत यादीतून वगळण्यात आला. बँकेच्या भाषेत सांगायचे तर रस्त्याचे निर्लेखन झाले.

या व्यवहारातील नोंदी तपासण्यासारख्या आहेत. प्रत्येक प्रवाशाची वाचलेली मिनिटे, वाचलेले इंधन, टळलेले अपघात, हे सारे जमेच्या बाजूला मांडले गेले, आणि ते खरेही होते. अरुंद वळणांच्या जुन्या रस्त्याने पुष्कळ बळी घेतले होते. नावे पडले ते कोणाच्या? ज्यांच्या नावे पडले त्यांचे खातेच वहीत नव्हते. व्यापारी समाजाला ही गोष्ट नवी नाही. जैसलमेरच्या पटवा हवेल्यांसमोर उभे राहिले की तेच जाणवते. एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी जैन पटवा कुटुंबाने त्या उभारल्या, त्या वाळवंटातून जाणाऱ्या उंटांच्या तांड्यांच्या व्यापारावर. माल समुद्रमार्गे मुंबई बंदरातून जाऊ लागला तसे तांडे विरळ झाले, आणि 1947 च्या सीमेने उरलेल्या वाटाही बंद केल्या. पेढ्या इतरत्र गेल्या. दगडातील नक्षी मागे राहिली. तीच आज पर्यटक पाहतात.

एंजल डेल्गादियो यांनी मात्र गाव सोडले नाही. 18 फेब्रुवारी 1987 रोजी सेलिगमनमध्ये पंधरा माणसे जमली आणि त्यांनी ‘हिस्टॉरिक रूट 66 असोसिएशन ऑफ ॲरिझोना’ ही संस्था स्थापन केली. मागणी साधी होती: या रस्त्याला ऐतिहासिक म्हणून मान्यता द्या आणि तशा पाट्या लावा. वाहतूक परत मागण्यात अर्थ नव्हता हे त्यांना कळले होते. त्यांनी मागितले ते ज्याला हिशेबशास्त्रात ख्यातिमूल्य म्हणतात ते. त्याच वर्षी नोव्हेंबरात राज्याने सेलिगमन ते किंगमन हा भाग ऐतिहासिक म्हणून जाहीर केला, आणि 1988 च्या एप्रिलमध्ये आनंद साजरा करण्यासाठी पहिली फन रन निघाली. इतर राज्यांतही अशा संस्था निघत गेल्या. पुढे ‘कार्स’ या 2006 च्या चित्रपटासाठी पिक्सारची मंडळी या रस्त्यावरून हिंडली, तेव्हा महामार्गाने गाव कसे टाकले ते त्यांनी एंजल यांच्याकडूनच ऐकून घेतले.

रस्ता शिल्लक राहिला याचे कारणही विचित्र आहे. जेथे नवा महामार्ग जुन्याच्याच अंगावर बांधला गेला, तेथे जुना पुसला गेला. जेथे जुन्याकडे पाठ फिरवली गेली, तेथेच तो टिकला. सेलिगमनच्या पूर्वेपासून टोपॉकपर्यंतचा सुमारे 158 मैलांचा सलग तुकडा हा रूट 66 चा सर्वांत लांब शाबूत भाग आहे, तो त्या उपेक्षेमुळे.

फन रनची रांग या तुकड्यावरून जाते तेव्हा रस्त्याकडेला लहान लाल पाट्या दिसतात. एका पाटीवर कवितेची अर्धी ओळ, पुढच्या पाटीवर उरलेली, आणि शेवटी ‘बर्मा-शेव्ह’ हे दाढीच्या क्रीमचे नाव. गाड्यांतून आजोबा नातवंडांना त्या मोठ्याने वाचून दाखवतात. गंमत अशी की मूळच्या बर्मा-शेव्हच्या पाट्या ॲरिझोनात कधी लागल्याच नव्हत्या. वाहतूक विरळ म्हणून कंपनीने हे राज्य वगळले होते. आज उभ्या आहेत त्या नंतर लावलेल्या. घरच्या घरी दाढी करायला शिकवणाऱ्या क्रीमची जाहिरात एका न्हाव्याने वाचवलेल्या रस्त्यावर असावी, हा आणखी एक विनोद. स्मृतीच्या वहीत मागाहून अशा काही नोंदी घातल्या जातात, आणि त्यांनी कोणाचे नुकसान होत नाही.

वगळलेल्या नोंदींचे तसे नाही. पीच स्प्रिंग्ज हे हुआलापाई या आदिवासी लोकांचे मुख्य ठिकाण. रस्ता, रेल्वे, आणि त्याही आधी 1850 च्या दशकाच्या अखेरीस एडवर्ड बील यांनी चक्क उंट घेऊन आखलेली बैलगाड्यांची वाट, हे सारे त्यांच्याच भूमीवरून गेले. 1874 मध्ये सैन्याने त्यांना कोलोरॅडोच्या उष्ण खोऱ्यात नेऊन ठेवले. वर्षभराने उरलेले परत आले. 1883 मध्ये त्यांच्याच जमिनीचा एक भाग त्यांच्यासाठी राखून देण्यात आला. ज्या दशकांची आठवण ही चकचकीत वाहने जागवतात, त्या दशकांत कृष्णवर्णीय प्रवासी कोणत्या गावी रात्री थांबता येईल याची छापील पुस्तिका जवळ बाळगून निघत. आणि 1936 मध्ये लॉस एंजेलिसच्या पोलिसांनी राज्याच्या सीमेवर जाऊन निर्धन स्थलांतरितांना परत फिरवले होते. रस्ता एकच, पण त्यावरून जाणाऱ्या प्रत्येकाला तो निराळा भेटला. अनेकान्ताची दृष्टी केवळ शास्त्रचर्चेपुरती नसेल, तर ती येथेही लावावी लागते. फन रनचा आनंद खोटा नाही. तो पूर्ण मात्र नाही.

किंगमनच्या पुढे रविवारचा टप्पा सुरू होतो आणि रस्ता खऱ्या वाळवंटात शिरतो. सेलिगमन सुमारे 1,600 मीटर उंचीवर आहे, टोपॉक जेमतेम दीडशे. मध्ये सिटग्रीव्ह्जची खिंड. तिथली वळणे इतकी तीव्र की पूर्वी काही प्रवासी स्थानिक माणसाला पैसे देऊन गाडी पार करवून घेत. जुन्या फोर्डमध्ये पेट्रोल केवळ उतारामुळे इंजिनात येई, त्यामुळे चढावर ते पोहोचेना. मग लोक गाडी उलटी फिरवून मागच्या मागे डोंगर चढत. आजही एखाद्या म्हाताऱ्या गाडीचे पाणी उकळते; मागची रांग थांबते आणि कोणी हॉर्न वाजवत नाही.

खिंडीखाली ओटमन आहे. एकेकाळी सोन्याच्या खाणींचे भरभराटीचे गाव. 1942 मध्ये युद्धकाळातील सरकारी आदेशाने खाणी थांबल्या, आणि 1953 मध्ये रूट 66 याच डोंगराला वळसा घालून दक्षिणेकडे नेण्यात आला. म्हणजे ज्या रस्त्याला पुढे महामार्गाने टाकले, त्याच रस्त्याने त्याआधी पंचवीस वर्षे ओटमनला टाकले होते! खाणकामगारांनी मोकळी सोडलेली गाढवे रानात वाढली. त्यांचे वंशज आता मुख्य रस्त्यावर मधोमध उभे असतात आणि मोटारी त्यांच्यासाठी थांबतात.

पायी विहार करणाऱ्या साधुसाध्वींना वाटेवरचे प्रत्येक गाव माहीत असते, कारण त्यांची रात्र तेथेच जायची असते. मोटारीतून जाणाऱ्यांना हे ज्ञान लाभणे कठीण. परंतु ताशी तीस-चाळीसच्या वेगाने, ओळीत, काचा खाली करून गेलेल्यांना त्यातले थोडेसे मिळत असावे. सेलिगमनमध्ये चार दुकाने उघडी राहिली, काही मोटेल पुन्हा सुरू झाली, ती या थोड्याशाच्या बळावर. जुनी वाहतूक परत आली नाही. आले ते पाहुणे.

टोपॉकला कोलोरॅडो नदी दिसते आणि यात्रा संपते. लोक गाड्या सावलीत लावतात, गार पाणी पितात, पुढच्या वर्षीच्या गोष्टी करतात. जुना रस्ता तेथेच इंटरस्टेट 40 ला जाऊन मिळतो. सायंकाळी बहुतेक गाड्या त्यावरूनच घरी परततात. दुसऱ्या दिवशी सोमवार असतो आणि कामावर वेळेत पोहोचायचे असते.