पाकिटावरची मराठी

आम्ही पडलो कारकून. परंतु मृग नक्षत्र जवळ आले की आमच्या ओट्यावर अर्ज लिहून घेणाऱ्यांपेक्षा बियाण्याची पाकिटे वाचून घेणाऱ्यांचीच गर्दी जास्त. जमीन एकर-दोन एकर, तीही कुणाची बटाईची, आणि पाकीट उसनवारीवर आणलेले. अशा माणसाला पाकिटावरचा एकेक शब्द महागात पडू शकतो.

धुळ्याकडच्या एका मावशींनी विचारले, "भाऊ, आठे सत्यदर्शक लिखेल शे, मंग सरकारनी तपासेल शे ना?" प्रश्न अगदी बरोबर. शब्दच असा सोज्वळ निवडला आहे! 'सत्यदर्शक' म्हणजे विकणारा स्वतःच सांगतो की लिहिले ते खरे आहे. त्याची खूणचिठ्ठी हिरवट. 'प्रमाणित' बियाण्याचे शेत मात्र बीज प्रमाणीकरण यंत्रणेने येऊन पाहिलेले असते. त्याची चिठ्ठी निळी. कपाशीचे संकरित बी बहुतेक सत्यदर्शकच असते. म्हणून ते वाईट असे नव्हे. १९६६ च्या बियाणे कायद्याने त्यालाही उगवणीचा टक्का, लॉट नंबर आणि मुदत छापावीच लागते. कायद्यापुढे उभे राहतात ते हे आकडे. 'भरघोस', 'जोमदार', 'टपोरे' हे शब्द दुकानदाराच्या खुशीचे.

'सुधारित' आणि 'संकरित' हेही भाऊ-भाऊ नव्हेत. सोयाबीनच्या सुधारित वाणाचे बी घरी राखता येते. शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवावेत. सत्तर उगवले तर पेरायला हरकत नाही. संकरित कपाशीची सरकी राखून पेराल तर पुढची झाडे एकसारखी येत नाहीत, पहिला जोमही राहत नाही.

जळगावकडे, रावेर-यावलला, केळीच्या रोपांचे तक्ते वाचायची पाळी येते. तिथे 'जी-९' शब्द सर्वांच्या तोंडी. पुष्कळांना वाटते, आठ जाती झाल्या आणि ही नववी. मूळ नाव 'ग्रँड नैन', फ्रेंच भाषेतले. अर्थ काय, तर मोठा बुटका! बसराईपेक्षा उंच, इतकेच. नावाला भुलून नव्हे, रोप कुठल्या प्रयोगशाळेचे ते विचारून पैसे द्यावेत.

पक्की पावती मागा. दुकानदार तोंड वाकडे करील, करू द्या. पावती, रिकामे पाकीट, चिठ्ठी आणि मूठभर बी पीक निघेपर्यंत जपा. बी उगवले नाही तर कृषी खात्याकडे तक्रार करताना तेवढाच पुरावा हाती असतो.

एक ओळ मात्र सर्वात बारीक छापलेली असते आणि ती आमच्या आया-बहिणींच्या कामाची: 'विषारी औषध लावलेले'. सरकी टोचायला जातात त्या बायाच, बहुधा उघड्या हातांनी. बियाला गुलाबी-लाल रंग दिसला तर हातमोजे घाला, नसतील तर प्लॅस्टिकच्या पिशव्या बांधा, भाकरीआधी साबणाने हात धुवा. उरलेले बी कोंबड्यांपुढे टाकू नका. जपून ठेवायचे पाकीट पोरांच्या हाताला लागणार नाही असे उंचावर ठेवा, आणि त्यात मीठ-मिरची भरू नका.