खांदेमळणी माणसाचीही



पोळ्याच्या आदल्या दिवशी तुमच्या-आमच्या घरी खांदेमळणी असते. बैल ओढ्यावर नेऊन धुवायचे, जुवाने घट्टे पडलेल्या खांद्याला हळद आणि लोणी चोळायचे, आणि त्या दिवशी मानेवर जू ठेवायचे नाही. मुक्या जनावराचे कष्ट ओळखण्याची ही रीत वाडवडिलांनी घालून दिली. दुसऱ्या दिवशी बैलांची मिरवणूक निघते आणि तिच्यापुढे हलगी वाजते. त्या हलगीवाल्याच्या खांद्यालाही पट्ट्याचा घट्टा असतो. मला मात्र तो पन्नाशी उलटेपर्यंत दिसला नाही.

मी शेती विस्ताराच्या कामातला माणूस. बी. एस्सी. ॲग्री झालो तेव्हापासून गावोगाव हिंडून बियाणे, खते, कीड-रोग यांवर बोलत आलो. आज मात्र किडीबद्दल लिहायचे नाही. वाजवून पोट भरणाऱ्या माणसाच्या दुखण्याबद्दल लिहायचे आहे, आणि त्या दुखण्यात माझा स्वतःचा वाटा किती, तेही सांगायचे आहे.

माझा एक शाळूसोबती हलगी वाजवतो. आजा वाजवत होता, बाप वाजवत होता, हाही वाजवतो. जोडीला एकरभर कोरडवाहू रान आहे. पण घर चालते ते लग्नसराई आणि जत्रांवर. 2023 सालच्या जुलैत त्याच्या मक्यावर लष्करी अळी पडली. पोंग्यात विष्ठेचा भुसा दिसत होता. मी बांधावर उभा राहून सांगितले, "इमामेक्टिन बेंझोएट पाच टक्केवालं घे. दहा लिटर पाण्याला चार ग्रॅम. पोंग्यात पडेल अशी फवारणी कर." त्याने मान हलवली. आम्हा विस्तारवाल्यांची एक सवय असते, सांगितलेले परत वदवून घ्यायचे. म्हणून विचारले, "किती घेशील?"

तो म्हणाला, "चाळीस ग्रॅम."

मला वाटले, चेष्टा करतो आहे. तेवढ्यात खुरपत असलेल्या वहिनी उठून जवळ आल्या. पदराने कपाळ पुसत म्हणाल्या, "भावजी, त्यांना नीट ऐकू येत न्हाई. लोकांना कळू नये म्हणून नुसतीच मान हलवत्यात. तुमच्या पुतण्याच्या वरातीपासनं तर लईच वाढलंय."

दहापट औषध पंपात गेले असते, आणि तो पंप त्याच्याच पाठीवर असता. पण त्याहून मला बोचले ते वरातीचे नाव.

ती वरात मला चांगली आठवत होती. त्याच वर्षीचा मे महिना. गाडीवर स्पीकरची भिंत रचलेली, तिच्यापुढे हलगीवाले. रात्री दहाला वाजवणे बंद करायला हवे होते. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर भोंगे लावता येत नाहीत. मी सरकारी नोकर, मला हे ठाऊक होते. तरी पोरे नाचत होती, म्हणून मीच याच्या खिशात नोटा कोंबत होतो आणि ओरडत होतो, "थांबायचं नाही!" साडेअकरापर्यंत तो थांबला नाही. ज्याने सुपारी घेतली तो कसा थांबेल? आणि सोबत्याने सांगितल्यावर तर मुळीच नाही.

पुढच्या आठवड्यात मी त्याला कानाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेलो. वाटेत तो एकच गोष्ट सांगत होता, "कुणाला बोलू नको. हलगीवाला बहिरा झाला म्हटल्यावर सुपारी कोण देणार?" डॉक्टरांनी कानाला यंत्र लावून तपासणी केली आणि कागदावरचा आलेख आम्हाला समजावला. जाड आवाज त्याला बऱ्यापैकी ऐकू येत होते. बारीक, उंच आवाज गेले होते. बायका-मुलांचे बोलणे आणि शब्दांमधली बारीक अक्षरे म्हणूनच त्याच्या हातून निसटत होती. समोरचा बोलतो आहे हे कळते, काय बोलतो ते कळत नाही.

डॉक्टरांनी जे सांगितले ते मी शेतकऱ्याच्या भाषेत सांगतो. कानाच्या आत बारीक केसांसारख्या पेशी असतात. आवाज आला की त्या हलतात आणि मेंदूला वर्दी देतात. कोवळ्या गवतावरून एकदा गाडी गेली तर गवत आडवे होते आणि रात्रीत पुन्हा उभे राहते. वरातीनंतर कानात दडे बसून सकाळी मोकळे होतात, ते असे. पण त्याच गवतावरून रोज गाडी गेली तर तिथे वाट पडते. वाटेवर पुन्हा गवत पेरता येते, कानातल्या त्या पेशी मात्र परत उगवत नाहीत. म्हणून यावर औषध नाही. श्रवणयंत्राने मदत होते, गेलेला कान परत येत नाही.

आवाज मोजण्याचे माप डेसिबल. 85 डेसिबलच्या आवाजात दिवसाला आठ तास काम करणे, ही साधारण सुरक्षिततेची मर्यादा धरतात. पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मी होते. 88 ला चार तास, 91 ला दोन, आणि 100 डेसिबलला अवघी पंधरा मिनिटे. स्पीकरच्या भिंतीपुढे आवाज शंभराच्या वर सहज जातो. माझा सोबती तिथे चार तास उभा होता. अशा किती वराती त्याने तीस वर्षांत काढल्या असतील, हिशेब तुम्हीच करा. "हे एका रात्रीचं नाही," असे डॉक्टर म्हणाले. मला धीर देण्यासाठी म्हणाले असतील. पण ती रात्रही त्यातलीच होती.

पूर्वी हलगीला बकऱ्याचे कातडे असे. दर थोड्या वेळाने ती विस्तवावर शेकावी लागे. त्या निमित्ताने हाताला आणि कानाला उसंत मिळे. आता फायबरचे पान आले. ते शेकावे लागत नाही, आवाज कडक निघतो, आणि उसंत गेली.

कान ही एक बाजू झाली. हलगी एका खांद्याला अडकवलेली, एका हातात जाड टिपरू, दुसऱ्या हातात बारीक काडी. तासन्‌तास एकच हालचाल केली की मनगटाच्या शिरा सुजतात, रात्री बोटांना मुंग्या येतात, मान आणि पाठ धरते. सनईवाल्याचे वेगळे. गालात हवा धरून, नाकाने श्वास घेत, सूर तुटू न देता फुंकायचे. त्याचे पुढचे दात हलले की धंदा बसला. जोर लावून फुंकावी लागणारी वाद्ये वाजवताना डोळ्यातला दाबही तेवढ्यापुरता वाढतो, म्हणून काचबिंदू असलेल्याने डॉक्टरांना आपला धंदा सांगावा. गाणाऱ्याचा तर घसाच भांडवल. आवाज बसला असताना रेटून गायले की स्वरयंत्रावर गाठी धरतात. बसलेला आवाज तीन आठवड्यांत सुटला नाही तर दाखवून घ्यावे. तंबाखू खाणाऱ्याने तर एक दिवसही पुढे ढकलू नये.

आणि मनाचे दुखणे? ते कुठल्याच आलेखावर येत नाही. डॉक्टरांकडून परतताना आम्ही एसटी स्टँडवर चहा प्यायलो. तेव्हा तो बोलला. "सगळ्यांच्या लग्नात हसायचं असतं रं. घरी पोरगी तापानं फणफणलेली असली तरी हसायचं. पंगत उठली की शेवटी आमचं पान. कधी भाजी संपलेली असती. मग पैशाऐवजी कुणीतरी बाटली पुढं करतं. अंग दुखतंय म्हणून घ्यायची, मग झोप येत न्हाई म्हणून घ्यायची." 2020 आणि 2021 अशा दोन सराया कोरोनाने बुडाल्या. जत्रा बंद, लग्ने पन्नास माणसांत. त्याने शेळ्या विकल्या आणि हलगी खुंटीला अडकवली. "पैशाचं एक वेळ सोसलं," तो म्हणाला, "पण कुणी बोलवायलाच येईना. मग आपण हाय कशाला, असं वाटायचं." मी त्याच गावचा. दोन वर्षांत एकदा तरी जाऊन विचारायला हवे होते. नाही विचारले.

हे दुःख एकट्या हलगीवाल्याचे नाही. नारायणगावच्या विठाबाई भाऊ मांग यांचे नाव तुमच्या घरात माहीत असेल. भरल्या दिवसांत त्या बोर्डावर उभ्या राहिल्या, खेळ चालू असताना पडद्यामागे बाळंत झाल्या आणि पुन्हा नाचायला निघाल्या, ही हकीकत आपण कौतुकाने सांगतो. राष्ट्रपतींकडून गौरव झालेल्या या बाईंची शेवटची वर्षे हलाखीत गेली. 2002 साली त्या वारल्या. 2006 पासून राज्य शासन त्यांच्या नावाने पुरस्कार देते, ते योग्यच आहे. पण मला आता त्या हकीकतीचे कौतुक वाटत नाही. बाळंतिणीला उठावे लागले, यात शौर्य तिचे होते. आपले काय होते?

वाजवणाऱ्या बंधूंनो, चार गोष्टी सांगतो. मेडिकलमध्ये फोमची कानात घालायची बोंडे थोडक्या पैशात मिळतात. साध्या कापसाने काम होत नाही. बोंड बोटांनी वळून बारीक करायचे, कानात सरकवायचे आणि फुगेपर्यंत धरून ठेवायचे. ताल ऐकू येतो, मारा कमी होतो. स्पीकरच्या तोंडापुढे उभे राहू नका. तासाला दहा मिनिटे वाद्य खाली ठेवा आणि आवाजापासून लांब बसा. कानात सतत गुंजारव होत असेल तर तपासणी करून घ्या, लपवू नका. मन खचले, झोप उडाली, जगण्यात राम वाटेना, तर 14416 या क्रमांकावर फोन करा. ही शासनाची टेलिमानस सेवा आहे, फोनला पैसे पडत नाहीत. उतारवयातल्या कलावंतांसाठी राज्य शासनाची मानधन योजना आहे, तिची चौकशी पंचायत समितीत करा.

आणि शेतकरी बंधू-भगिनींनो, सुपारी देणारे आपण. आपल्या हातात तर याहून जास्त आहे. वाजंत्र्यांना पहिल्या पंगतीत बसवा. बसायला खुर्ची आणि प्यायला पाणी द्या. ठरलेले पैसे पूर्ण आणि रोख द्या, बाटली देऊ नका. दहाला थांबवा. नवरा-नवरीचा संसार साडेअकराच्या वरातीने जास्त सुखाचा होत नाही.

त्या वर्षी खांदेमळणीच्या संध्याकाळी तो आमच्या गोठ्यात आला. माझा भाऊ अजून एक बैलजोडी राखून आहे. दुसऱ्या दिवशीच्या मिरवणुकीची वेळ ठरवायची होती. मी त्याच्या समोर उभा राहून, तोंड दिसेल असे, सावकाश बोललो, "अर्धा तास वाजव. स्पीकर नाही. बोंडं घालून ये." त्याने मान हलवली. मी विचारले, "किती वेळ?"

"अर्धा तास. बोंडं घालून," तो म्हणाला, आणि हसला.

वहिनी मागेच उभ्या होत्या. बैलांचे खांदे चोळून झाले होते आणि वाटीत थोडे हळद-लोणी उरले होते. त्यांनी ती वाटी माझ्या हातातून घेतली, नवऱ्याचा सदरा खांद्यावरून सारला आणि म्हणाल्या, "भावजी, हा एक बैल ऱ्हायलाच की."

घट्टा चांगला रुपयाएवढा होता. वहिनी चोळत होत्या आणि तो मान खाली घालून, आमच्या बैलासारखाच, गप उभा होता.